मोठा वाय, बारका एन

सावद्याच्या बायपासला, फेगडेंच्या भुईकाट्यावर
रात्रीचे साडेअकरा. पंखा गरमच हवा फिरवतोय.
काट्यावर केळीचा ट्रक, घडांवर ओली पोती,
आणि पावतीचा प्रिंटर सकाळपासून मुका.
मला फैजपूरहून बोलावून घेतलंय,
स्कूटी, पेचकस आणि एक डोंगल,
ज्यात आजचे उरलेत तीनशे एमबी.

मी मागितला एक ड्रायव्हर. चार एमबीचा.
पडद्यानं सांगितलं,
सोबत एकशे त्र्याऐंशी पॅकेजं येतील,
सहाशे चाळीस एमबी.
पुढे जायचं?
आणि शेजारी दोन अक्षरं. वाय मोठा, एन बारका.
म्हणजे काही न बोलता एंटर दाबलं
तरी ते होच.

कोण ही मंडळी? यादी खाली खाली नेत गेले.
स्कॅनरचं काहीतरी. फॅक्सचं.
फॅक्स, या काट्यावर!
शाई किती उरली ते सांगणारं एक,
आणि हा प्रिंटर तर शाई पीतच नाही,
कागद भाजून छापतो.

आमच्याकडे भरीत मागितलं
तर ते एकटं कधी येत नाही.
कांद्याची पात, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे,
ते तर आतलेच, त्यांना कोण वेगळं मोजतं.
सोबत पुऱ्या, तेही समजू शकते.
पण मागून वाढपी येतो जिलबीची परात घेऊन,
ताटावर आडवा हात धरला
तरी बोटांच्या फटीतून एक सोडतोच,
वर म्हणतो, राहू द्या हो, नाही खाल्ली तर नाही.

नाही खाल्ली तरी ती असते.
पाक हळूहळू भरताकडे सरकतो.

लीलाधरशेठ म्हणाले, घे ना सगळं, काय बिघडतं?
त्यांच्या घरी फायबर आहे.
या खोलीतलं कॉम्प्युटर त्यांच्या मुलीनं
बारावीनंतर टाकून दिलेलं,
डिस्कमध्ये जागा तेवढीच,
जेवढी ट्रकच्या केबिनमध्ये तिसऱ्या माणसाला.

मी नको म्हटलं.
होला एक बोट पुरतं.
नकोसाठी तेवीस अक्षरं लागली, आडव्या रेघांसकट,
त्यात एकदा चुकले, पुन्हा लिहिली.

प्रिंटर करकरला. पावती आली.
वजन चौदा हजार दोनशे साठ किलो, बरोबर.
ट्रकचा नंबर बरोबर. तारीख बरोबर.
आणि मालकाच्या नावासमोर
आठ चौकोन, थोडी जागा, पाच चौकोन.

निवृत्ती भिरूडांनी ती बल्बखाली धरली.
चिकानं काळी पडलेली बोटं
एकेका रिकाम्या डबीवर ठेवत गेले.
"माह्यं नाव कुठी गेलं?"

मी परत यादी उघडली.
सत्त्याण्णवावी ओळ. देवनागरी फॉन्ट.
आवश्यक नाही. असला तर बरा.

कुणीतरी बसून ठरवलं असेल हे,
ज्याचं नाव जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला
जन्मापासून पाठ आहे.
त्याला आमची वेलांटी फॅक्सशेजारी दिसली.
पण त्याच्यावर किती चिडू?
ती ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती.
सगळ्या पाहुण्यांना एका दारातून हाकलताना
घरचं माणूसही बाहेर काढलं, ते मीच.

मग त्या एकाला नावानं बोलावलं.
दोन एमबी. आला.

दुसऱ्या पावतीवर त्यांनी त चा जोड तपासला,
रू दीर्घ आहे ना ते पाहिलं,
आणि घडी करून टोपीत ठेवली.
रमजान तडवीनं तोवर ट्रक चालू केला होता,
दिल्लीपर्यंत केळी पिकायला थांबणार नव्हती.

शेठ म्हणाले, बाकीचं केव्हा टाकशील?
म्हटलं, मागाल तेव्हा. एकेक.
त्यांना ते उद्धट वाटलं असावं.
बरोबर बोलले की चूक, मलाही नक्की माहीत नाही.

तेरा चौकोनांची पहिली पावती
स्कूटीच्या डिकीत आहे अजून.
टाकवत नाही.
वजन तर तिच्यावरही बरोबरच होतं.